उंबरठ्याच्या आत : आश्रम, यतीमखाना आणि मराठी साहित्य

नगर-मनमाड रस्त्यावर, प्रवरेच्या काठी आमचे कोल्हार. नदीच्या एका तीरावर कोल्हार बुद्रुक आणि भगवतीपूर, पलीकडे कोल्हार खुर्द. आमच्या लहानपणी रमजान लागला की एस.टी.तून यतीमखान्याचे सफीर उतरायचे. खांद्याला पिशवी, पिशवीत पावतीपुस्तक आणि छापील पत्रक. पत्रकावर पांढऱ्या टोप्या घातलेल्या मुलांची रांग. जुम्म्याची नमाज झाली की इमामसाहेब दोन शब्द बोलत आणि सफीर मशिदीच्या दाराशी रुमाल पसरून उभे राहत. जकात, सदका, फितरा, ज्याच्या ऐपतीत जे असेल ते. बकरी ईदला कुर्बानीचे कातडेही त्यांच्याच नावाने बाजूला ठेवले जाई. त्या रांगेतल्या एखाद्या मुलाचे नाव काय, हे विचारण्याचे कुणाला सुचत नसे. मलाही सुचले नाही. आणि एका वर्षी तर त्या रांगेत माझ्या खालाचा मुलगा उभा होता.

खालू गेले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. पाठच्या दोन बहिणी. खाला लोकांच्या शेतात कांदे काढायला जायची. चार जाणत्यांनी विचार केला आणि पोराला दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका यतीमखान्यात पाठवले. सहा वर्षांनी तो परत आला आणि हमरस्त्यावरच्या गॅरेजमध्ये कामाला लागला. पुढे मी लिहू लागलो तेव्हा त्याच्यावर एक कथा लिहिली. कथेतला यतीम मुलगा मोठा होतो, कमावता होतो आणि पहिल्या पगारातून त्याच यतीमखान्याची पावती फाडतो. कथा छापून आली, दोन-चार पत्रेही आली. मी ती त्याला वाचून दाखवली. हातातला पाना खाली न ठेवता त्याने ऐकली आणि म्हणाला, "कहानी अच्छी है भाई. लेकिन इसमें मैं किधर है?"

प्रस्तुत लेख म्हणजे या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे. निराधार मुलांच्या, टाकलेल्या बायकांच्या, रोगाने वा वेडाने घराबाहेर पडलेल्या माणसांच्या निवाऱ्यांविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या लिखाणात आत राहणारा माणूस कुठे आहे, एवढेच मला तपासायचे आहे. सुरुवातीलाच कबूल करतो की या तपासणीत माझी कथाही आरोपीच्या पिंजऱ्यात आहे.

महाराष्ट्राला अशा संस्थांचा मोठा वारसा आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. १८७५ साली पंढरपुरात अनाथ बालकाश्रम सुरू झाला, पुढे तो प्रार्थना समाजाने चालवला. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन उघडले. नंतर केडगावला मुक्तिसदन उभे राहिले आणि दुष्काळातून आणलेल्या मुली व स्त्रिया धरून तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली, तो पुढे हिंगण्याला गेला. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंग उभे केले. विसाव्या शतकाच्या मध्यावर वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांचे आनंदवन आले. आमच्याच जिल्ह्यात, म्हणजे त्या वेळच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, १९८९ पासून 'स्नेहालय' वेश्यावस्तीतल्या मुलांसाठी काम करीत आले आहे, आणि शिंगवे येथील 'माउली' रस्त्यावर सापडलेल्या मनोरुग्ण स्त्रियांना घर देते. या साऱ्या कामाविषयी माझ्या मनात आदरच आहे. पुढची चिकित्सा त्या कामाची नाही, त्या कामावर लिहिल्या गेलेल्या साहित्याची आहे.

या साहित्यातील बहुतेक लेखन संस्था काढणाऱ्याच्या खुर्चीतून झाले आहे. कर्व्यांचे 'आत्मवृत्त', साधनाताई आमट्यांचे 'समिधा', सिंधुताई सपकाळांचे 'मी वनवासी' ही पुस्तके प्रामाणिक आहेत. त्यांतील कष्ट खरे आहेत, अपमान खरे आहेत. परंतु त्यांचे कथानक एकाच वळणाने जाते. एक माणूस पेटून उठतो, समाज दगड मारतो, घरचे दुरावतात, जागा मिळते, छप्पर उभे राहते, पुरस्कार येतो. या वळणावर आश्रमातली मुले-माणसे भेटतात ती संख्येने भेटतात, किंवा एखाद्या हृद्य प्रसंगापुरती भेटतात. संस्थापकाचे आत्मचरित्र असल्याने हे काहीसे अपरिहार्यही आहे. अडचण अशी की दुसऱ्या बाजूचे पुस्तक आपल्याकडे जवळजवळ लिहिलेच गेले नाही, आणि संस्थापकाचे पुस्तक हेच संस्थेचे संपूर्ण सत्य ठरले. २०१० साली सिंधुताईंच्या आयुष्यावर 'मी सिंधुताई सपकाळ' हा चित्रपट आला. माई आपल्याला कळल्या. माईंना 'माई' म्हणणाऱ्या पोरांपैकी किती जण आपल्याला कळले?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळात मिशनऱ्यांच्या अहवालांतून छायाचित्रांच्या जोड्या छापल्या जात. एकात हाडांचा सापळा झालेले मूल, दुसऱ्यात तेच मूल अंगावर कपडे, केस विंचरलेले. देणगीदाराला आपल्या पैशाचे काय झाले ते डोळ्यांनी दिसावे, हा हेतू. आमच्या सफीरांच्या पत्रकावरची पांढऱ्या टोप्यांची रांग त्याच जातीची. धर्म वेगळा, हिशेब एकच. मुलाचा चेहरा तिथे पावतीचे काम करतो. माझ्या कथेतल्या मुलाने शेवटी पावती फाडली, तेव्हा मीही त्याला तेच काम लावले होते. हे मला त्याच्या एका वाक्यानंतर कळले.

या संदर्भात 'उंबरठा' या चित्रपटाकडे पुन्हा पाहणे आवश्यक वाटते. शांता निसळ यांच्या 'बेघर' या कादंबरीवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि जब्बार पटेलांनी १९८२ साली तो पडद्यावर आणला. स्मिता पाटीलने साकारलेली सुलभा महाजन सुखवस्तू घर सोडून संगमवाडीच्या महिलाश्रमात अधीक्षिका म्हणून येते. आश्रमाचे आतले रूप मराठी पडद्याने इतक्या धीटपणे आधी दाखवले नव्हते. व्यवस्थापन समितीचा दांभिकपणा, राजकारण्यांची वखवख, पळून जाऊ पाहणाऱ्या बायका, एकमेकींवर जीव लावणाऱ्या दोघी, जिवाला कंटाळून शेवट करणाऱ्या. सगळे त्यात आहे. 'आश्रम म्हणजे पुण्य' या भाबड्या समजुतीला या चित्रपटाने दिलेला धक्का मोलाचा आहे.

तरीही चित्रपटाच्या नावातला उंबरठा कुणाचा, असे विचारले तर उत्तर सुलभाचा असेच द्यावे लागते. ती घराचा उंबरठा ओलांडून आश्रमात येते, आश्रमातून हरून घरी परतते आणि घरही आपले राहिले नाही हे कळल्यावर पुन्हा बाहेर पडते. शेवटी ती आगगाडीत बसते. त्या प्रवासात एकटेपणा आहे तशी मोकळीकही आहे. पण सुलभा राजीनामा देऊ शकली. आश्रमातल्या बायकांना राजीनामा देण्याची सोय नव्हती. गाडी सुटल्यावर त्यांचे काय झाले, हे आपण विचारत नाही, कारण चित्रपटाने आपल्याला सुलभाच्या डब्यात बसवले आहे. तेंडुलकर आणि पटेल यांच्यासारखे निर्भीड कलावंतही जिथे अधीक्षिकेच्या टेबलाशी थांबले, तिथे इतरांची गोष्ट काय सांगावी? यात त्यांचा दोष काढायचा नाही. मध्यमवर्गीय लेखकाला आश्रमात शिरण्याचा जो दरवाजा ठाऊक होता तो कार्यालयाचा होता. भटारखान्याचा दरवाजा त्याने पाहिलेला नव्हता.

भटारखान्याच्या दारातून आलेले लेखन मराठीत अगदीच नाही असे मात्र नाही. बाया कर्वे यांचे 'माझे पुराण' १९४४ साली प्रसिद्ध झाले. बाया म्हणजे देवरुखची गोदूबाई, लहानपणीच विधवा झालेली. शारदासदनात दाखल झालेली ती पहिली विधवा विद्यार्थिनी. १८९३ मध्ये तिने कर्व्यांशी पुनर्विवाह केला. आधी आश्रित आणि मग आश्रम काढणाऱ्याची बायको, असे दोन्ही बाजूंचे आयुष्य तिच्या वाट्याला आले. तिची बहीण पार्वतीबाई आठवले हिने १९२८ मध्ये 'माझी कहाणी' लिहिली. हिंगण्याच्या आश्रमात आलेली ही विधवा पुढे त्याच आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत फिरली, अमेरिकेपर्यंत गेली आणि तिथे परक्यांच्या घरी मोलाने राबलीही. वर्गणी मागणारी बाईच आश्रमात राहिलेली, म्हणून दाराशी उभे राहण्याची लाज तिच्या लेखणीला आतून ठाऊक आहे. आणि आमच्या कोल्हारहून जवळच असलेल्या राहुरीत ज्यांच्या आयुष्याची काही वर्षे गेली त्या लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये परक्या मुलांनी भरलेले घर येते. तिथे सांभाळणारी बाई स्वतःला देवी ठरवीत नाही. ती चिडते, चुकते, स्वतःलाच हसते. म्हणून तिच्या घरातली पोरे आपल्याला पोरे वाटतात, उपकाराचे नमुने वाटत नाहीत.

दलित आत्मकथनांनी हे काम पुढे नेले. आपल्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याचे दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ साली आले आणि पाठोपाठ आलेल्या आत्मकथनांनी एक नवीन जागा साहित्यात आणली. ती म्हणजे बोर्डिंग. ताटातली पातळ आमटी, रेक्टरचा धाक, दिव्याखालचा अभ्यास, आणि गावापेक्षा इथे बरे आहे ही जाणीव, हे सगळे एकाच वेळी खरे असू शकते, हे मराठी वाचकाला तिथे प्रथम कळले. या लेखकांनी बोर्डिंगचे उपकार नाकारले नाहीत आणि उपकाराखाली मानही वाकवली नाही.

आता आपल्याकडे वळू. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले. तेव्हापासून, आणि हमीद दलवाईंच्या कथांपासून मोजले तर त्याही आधीपासून, मुस्लिम मराठी लेखकाने तलाक दिलेली बाई लिहिली, दंगल लिहिली, भाड्याने घर न मिळणारा तरुण लिहिला, दोन भाषांत अडकलेला शिक्षक लिहिला. यतीमखान्यात वाढलेला मुलगा आपल्या तोंडाने बोलतो आहे, अशी कथा वा आत्मकथन माझ्या वाचनात आलेले नाही. यतीम आपल्याकडे येतो तो रमजानच्या कथेत, दयेचा विषय म्हणून.

हे विशेष बोचते, कारण आपल्या परंपरेत यतीम हा कडेला उभा असलेला माणूस नाही. पैगंबरसाहेब (स.) स्वतः यतीम. जन्माआधी वडील गेले, सहाव्या वर्षी आई गेली, आजोबांनी आणि मग काकांनी सांभाळले. कुरआनात सूरे अद्-दुहा त्यांना त्यांच्या त्याच दिवसांची आठवण देते आणि यतीमावर जोर न करण्याची ताकीद देते. सूरे अल्-माऊनमध्ये यतीमाला धुडकावणाऱ्याची गणना दीन नाकारणाऱ्यात होते. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. सूरे अल्-अहजाबची शिकवण अशी की सांभाळलेल्या मुलाला त्याच्या बापाच्याच नावाने हाक मारावी. या शिकवणीतूनच दत्तकाऐवजी कफालतीची, म्हणजे नाव न बदलता सांभाळ करण्याची, रीत आपल्यात रुजली. कायद्याच्या अंगाने पाहिले तर १९५६चा दत्तक कायदा मुसलमानांना लागू नव्हता, १८९०च्या कायद्याखाली पालकत्व तेवढे मिळे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शबनम हाश्मी खटल्यात स्पष्ट केले की बालन्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला दत्तक घेता येते. त्याचा मार्ग ज्याने त्याने ठरवावा. माझा मुद्दा वेगळा आहे. ज्या परंपरेने यतीमाचे स्वतःचे नाव पुसू नये असे बजावले, त्याच परंपरेतल्या लेखकांनी आपल्या कथांत त्याला बिननावाचा का ठेवला?

मला तीन कारणे दिसतात. पहिले भाषेचे. यतीमखान्यात आत उर्दू, बाहेर मराठी, आणि आमच्या घरात दखनी. ज्या भाषेत मुलगा रडला ती भाषा छापील साहित्याची नव्हती. दुसरे शुक्राचे. ज्या घराने रोटी दिली त्याच्याविषयी चांगल्याखेरीज काही बोलणे म्हणजे नमकहरामी, असे आपण मुलाला शिकवतो. तिसरे कारण सगळ्यात अवघड आहे. मदरसा आणि यतीमखाना यांच्याकडे बाहेरून संशयाने पाहिले जाते. आपणच आतली उणीव लिहिली तर ती उद्या कुणाच्या हातात कोलीत म्हणून जाईल, ही भीती. ही भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. ज्यांनी ती अनुभवली आहे त्यांना ती समजावून सांगायची गरज नाही.

परंतु गप्प राहण्याची किंमत कोण मोजतो, तेही पाहिले पाहिजे. २०११ साली पनवेलजवळच्या कळंबोलीतील मतिमंद मुलींच्या एका निवासी संस्थेतले अत्याचार उघडकीस आले. त्या मुलींना काय घडले ते नीट सांगताही येत नव्हते. बिहारमध्ये मुजफ्फरपूरच्या बालिकागृहाचे प्रकरण २०१८ मध्ये बाहेर आले ते मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या 'कोशिश' गटाने केलेल्या पाहणीमुळे. त्यांनी नोंदवह्या तपासल्याच, पण मुलींजवळ बसून त्यांच्याशी बोललेही. दोन्ही ठिकाणी संस्था मुसलमानांच्या नव्हत्या. हा रोग कुठल्या धर्माचा नाही. बंद दाराचा आहे. २०१५चा बालन्याय कायदा प्रत्येक बालगृहाने नोंदणी केली पाहिजे असे सांगतो. त्याखालच्या २०१६च्या नियमांत वयोगटानुसार मुलांच्या समित्या असाव्यात अशी तरतूद आहे. म्हणजे, मुलाला विचारा, असे कायदाही म्हणू लागला. साहित्याने कायद्याच्या मागे राहावे, ही लेखकाला शोभणारी गोष्ट नाही.

इथे एक आक्षेप येईल. जे बोलू शकत नाहीत त्यांचे काय? शिंगव्याच्या 'माउली'त आलेल्या स्त्रियांपैकी अनेकींना आपले गाव, कधी आपले नावही सांगता येत नाही. त्यांच्याकडून आत्मकथनाची अपेक्षा कशी करणार? अशा ठिकाणी लेखकालाच लिहावे लागेल. मात्र आपण दारात उभे आहोत की आत बसलो आहोत, हे त्याने वाचकाला सांगावे. आणि तिथल्या माणसाला चिडण्याचा, कंटाळण्याचा, कृतघ्न असण्याचासुद्धा हक्क द्यावा. ज्या पात्राला फक्त आभार मानता येतात ते पात्र नव्हे, ती पावती.

कथा वाचून दाखवल्यानंतर दोन-एक वर्षांनी, सेहरीनंतरच्या वेळी, आम्ही दोघे प्रवरेच्या जुन्या पुलाकडे फिरायला गेलो होतो. मी काही विचारले नव्हते. तोच बोलू लागला. यतीमखान्यात मार होता, म्हणाला, पण क्रिकेटही होते. पेटीवर नंबर होता आणि हाकही नंबरानेच मारत. फक्त बावर्चीचाचा त्याला घरच्या नावाने बोलवायचा, म्हणून तो झोपमोड करून पहाटे रोट्या लाटायला जायचा. ईदला ज्यांच्या आया येत त्यांच्याशी उरलेले दिवसभर बोलत नसत. हे सगळे मी कल्पनेने कदाचित गाठले असते. पुढचे गाठले नसते. परत आल्यावर महिनाभर त्याला घरी झोप लागली नाही. चाळीस पोरांच्या श्वासांची सवय झालेली, खालाच्या खोलीतली शांतता त्याला सोसेना. तो रात्री उठून गॅरेजमध्ये जाऊन झोपायचा. "अम्मी समझी के मैं उससे नाराज है," तो म्हणाला. "अब तक वैसाच समझती."

खाला आता थकली आहे. पोराला दूर पाठवले म्हणून तो आपल्यावर रुसला, हे ओझे ती इतकी वर्षे वाहते आहे. माझ्या कथेत ना ही झोप होती, ना हे ओझे. शुक्र होता आणि शेवटी पावती होती. त्याच्या संमतीने मी एवढे इथे लिहिले, आणि लिहिण्याआधी त्याला एक विनंती केली, की हे आधी खालाला सांग. त्याने सांगितले. काय बोलणे झाले ते मी विचारले नाही.

ती जुनी कथा मी पुन्हा लिहीन असे वाटत नाही. ती लिहायची तर त्यानेच लिहावी, दखनीत बोलावी, कुणी उतरवून घ्यावी. आपल्या अंकांत अशा मजकुराला जागा असावी, भाषा मोडकी आहे म्हणून तो परत जाऊ नये, एवढी अपेक्षा मी संपादकांपुढे ठेवतो. हा अंक वाचणाऱ्यांत यतीमखान्यात, बोर्डिंगात, आश्रमात दिवस काढलेले कुणी ना कुणी असणारच. त्यांनी चार पाने लिहून पाठवावीत. आभार मानलेच पाहिजेत अशी अट नाही.